अकराऐवजी सात वाचावे

पान ४, ओळ ११. ‘अकरा’ ऐवजी ‘सात’ वाचावे.

सरांच्या मते आमच्या अहवालाचं शुद्धिपत्र इथंच संपायला हवं होतं. एक ओळ, खाली सही, तारीख. मी तसं तीनदा लिहून पाहिलं. तिन्ही वेळा मनात आलं, वाचणाऱ्याला वाटेल की चार बिबटे टायपिंग करताना गळाले. म्हणून हे लांबलंय.

पान १, ओळ ३. ‘अभ्यासकांचा चमू’ ऐवजी ‘तीन माणसं’ वाचावे.

एक सर. ते प्राणिशास्त्रातले डॉक्टर, पण ऑफिसखालच्या टायरच्या दुकानातला माणूस अजून त्यांना गुडघेदुखीवर औषध विचारतो. दुसरा माझा मामा, आईचा सख्खा धाकटा भाऊ. त्याने एकोणीस वर्षं वरच्या जंगलात पहारेकरी म्हणून काढली. आता तो आमचे कॅमेरे झाडांना बांधतो आणि दर पंधरवड्याला त्यातली कार्डं काढून आणतो. तिसरी मी. मी फोटो बघते.

कॅमेरा वाटेच्या कडेला, खोडाला, गुडघ्याएवढ्या उंचीवर असतो. समोरून काही हललं की आपोआप फोटो निघतो. महिन्याला दहा-बारा हजार फोटो येतात. त्यातले नऊ हजार वाऱ्यावर डुलणाऱ्या गवताचे. मग बकऱ्या, मग सरपण नेणाऱ्या बायका, मग एखादा साहेब आडोशाला उभा राहिलेला (हे फोटो मी पुसते, सगळ्यांनी निर्धास्त असावं), आणि मग कधीतरी बिबट्या. आपल्या अंगठ्याचे ठसे जसे दुसऱ्या कुणाशी जुळत नाहीत, तसे त्याच्या अंगावरचे ठिपके. त्यावरून कोण कोण ते ओळखायचं, हे माझं काम. सर मला ठिपकेबाई म्हणतात. नवरा परगावी नोकरीला, महिन्यातून दोनदा येतो. मामाचं म्हणणं, “हिला नवऱ्याचं तोंड आठवत नाही, पण बिबट्याची कंबर बरोबर आठवते.”

पान २, ओळ १ ते ९. या ओळी बरोबर आहेत, पण थंड आहेत.

त्यात लिहिलंय की वरचं जंगल आणि खालचं जंगल यांना जोडणारा एक अरुंद पट्टा आहे. लिहायचं राहिलं ते असं की पट्ट्याच्या दोन्ही अंगांना आता पत्र्याची गोदामं आहेत, आणि त्यांचे दिवे पहाटेपर्यंत झाडांच्या शेंड्यांवर पडतात. त्या गोदामांसाठी पट्ट्यातूनच नवा रस्ता हवाय. रस्त्याला परवानगी देणाऱ्या समितीने अट घातली होती: पट्ट्यात दहा किंवा अधिक प्रौढ बिबटे वावरत असतील, तर रस्ता वळसा घालून जाईल. हे दहा कुठून आले ते कुणाला विचारू नका. कुठल्याशा बैठकीत कुणी तरी म्हणालं, लिहिलं गेलं, झालं.

आम्ही अकरा दाखवले होते.

पान ३, तळटीप. ‘प्रत्येक ठिकाणी समोरासमोर दोन कॅमेरे’ ऐवजी ‘एक’ वाचावे.

दोन का लागतात ते सांगते, कारण सगळं तिथंच बिघडलं. बिबट्याच्या डाव्या अंगावरची नक्षी वेगळी, उजव्या अंगावरची वेगळी. नुसतं डावं अंग पाहून उजवं कसं असेल ते सांगता येत नाही. वाटेच्या दोन्ही कडांना कॅमेरे असले, की दोन्ही अंगांचे फोटो एकाच क्षणी निघतात आणि कळतं की हे आणि ते एकाचंच.

तीन उन्हाळ्यांपूर्वी असं ऊन पडलं की कॅमेऱ्यांतल्या बॅटऱ्या फुगल्या. निम्मे कॅमेरे गेले. सर म्हणाले, आहेत ते पसरून लावू. मग कुठं एकच कॅमेरा डावीकडून, कुठं एकच उजवीकडून.

अशा वेळी नियम सरळ आहे: एकाच अंगाचे मोजायचे. डावे मोजा नाहीतर उजवे मोजा, बेरीज करायची नाही. हा नियम मला येत नव्हता असं नाही. कॉलेजची मुलं ऑफिसात आली की मीच फळ्यावर दोन लांबुळके गोळे काढून त्यांना तो शिकवते.

डाव्या अंगांचे सात होते. उजव्या अंगांचे सात होते. जुन्या फोटोंमुळे त्यातल्या तिघांची दोन्ही अंगं मला पाठ होती. उरली चार डावी आणि चार उजवी. डावी मी मोजली. आणि चार उजवी…

पान ४, ओळ १२ ते २०. ‘हवामानबदलामुळे झालेल्या स्थलांतराचा पहिला पुरावा’ ऐवजी ‘आमची इच्छा’ वाचावे.

त्याच उन्हाळ्यात वरचा ओढा, जो मामाच्या आठवणीत कधी आटला नव्हता, अगदी सुरुवातीलाच कोरडा पडला. मग वणवा लागला. मामाला जीपमध्ये कोंबून खाली आणलं. वरची चौकी बंद झाली, तो आमच्याकडे आला. वर कॅमेरे कधीच नव्हते, होता तो मामा. पायांच्या ठशांवरून त्याला चार बिबटे ठाऊक होते: दोन माद्या, एक पाय ओढत चालणारा म्हातारा नर आणि एक तरणा.

एक दिवस मामा कार्डं घेऊन आला होता. बूट दाराबाहेर, नुसत्या मोज्यांवर उभा राहून पाणी पीत होता.

“मामा, चार नवीन आहेत.”

“किती?”

“चार. उजवी अंगं. माझ्याकडच्या कुणाशी जुळत नाहीत.”

त्याने ग्लास खाली ठेवला. “परत बघ.”

“बघितले.”

“परत बघ म्हणतो ना!”

मी परत बघितले. चार. मामा खुर्चीत बसला, मग उठला, मग खिडकीपाशी गेला. “आले गं,” तो म्हणाला. “खाली आले. माझेच ते.”

सर आतल्या खोलीतून आले. ओढा आटला, जंगल जळलं, चार जण पट्ट्यातून खाली उतरले. सर म्हणाले, “किती स्वच्छ दिसतंय बघ.” खरंच दिसत होतं. इतकं स्वच्छ, की माझ्यासारख्या नियम शिकवणारीलाही बेरीज करावीशी वाटली. मी त्यांना ‘पाहुणे’ असं नाव दिलं. पाहुणा एक ते पाहुणा चार. वर्तमानपत्रात फोटो आला. मामाने कात्रण लॅमिनेट करून घेतलं आणि मामीने ते फ्रीजवर चिकटवलं.

पान ६, ओळ ४. ‘वरच्या जंगलातील प्राण्यांनी खाली आसरा घेतल्यामुळे तिथे तातडीच्या पाहणीची गरज नाही.’ हे वाक्य पूर्ण काढावे.

हे मी लिहिलं. आकड्यापेक्षा हे वाईट. या एका वाक्यावर वरची पाहणी थांबली. वरच्या सिमेंटच्या टाक्यांत टँकरने पाणी सोडत, तेही थांबलं. प्राणीच नाहीत तर पाणी कुणाला?

दोन उन्हाळे.

पान ६ संपलं. यापुढचं अहवालात नाही.

समितीपुढच्या सुनावणीला नऊ दिवस होते. पाणवठ्यावरच्या कॅमेऱ्याचं कार्ड मी बघत होते. हा कॅमेरा एका दमात तीन फोटो काढतो. पहिल्यात डावं अंग: कमरेवर इस्त्रीच्या आकाराचे ठिपके, म्हणजे माझी ‘इस्त्री’, इथलीच मादी. दुसऱ्यात ती वळतेय, तोंड अस्पष्ट. मागे काही वाजलं असेल. तिसऱ्यात उजवं अंग: खांद्यामागे तीन बारके आणि एक लांबट.

पाहुणा तीन.

मध्ये सहा सेकंद. तोच फाटका कान, तीच ओली हनुवटी.

मी उठून हात धुवून आले. का ते सांगता येणार नाही, हात स्वच्छच होते. मग डाव्यांची आणि उजव्यांची यादी पहिल्यांदा शेजारी शेजारी ठेवली. सात. सात. इतक्या दिवसांत हे दोन आकडे मी एका कागदावर कधी लिहिलेच नव्हते.

सरांनी तिन्ही फोटो बराच वेळ पाहिले. चष्मा काढून शर्टाला पुसला, म्हणजे आणखी मळवला.

“एक गेला,” ते म्हणाले.

“चारही गेले, सर.”

“चारही कसे? सिद्ध एकच झालाय. बाकीचे तिघं इथल्यांपैकीच आहेत, याचा पुरावा आहे तुझ्याकडे?”

“नाहीत, याचा तरी कुठं आहे?”

“मग झालं तर. अकरातून एक वजा कर.”

मी केला. खाली कुणी तरी टायरवर हातोडी मारत होतं, ती तेवढ्यात थांबली, त्यामुळे तो आकडा खोलीत फारच मोठ्याने ऐकू आला. दहा. दहा किंवा अधिक.

“सर, एकाच अंगाचे मोजायचे हे तुम्हीच शिकवलंत.”

“शिकवलं. आता पट्टा गेल्यावर तो नियम कुठल्या जंगलात वापरायचा, तेही शिकवतो. बस.”

सर लबाड नाहीत. बावीस वर्षं ते या पट्ट्यासाठी कचेऱ्यांचे जिने चढताहेत. आणि मीही साधी नाही. दोन दिवस मी ‘दहा’ लिहिलेली फाइल उघडून बसले होते. ती अजून कॉम्प्युटरवर आहे. तिच्यात एकही वाक्य खोटं नाही, इतकी काळजीपूर्वक मी ती लिहिली होती.

तिसऱ्या दिवशी मामाकडे गेले.

तो मागच्या ओट्यावर कॅमेऱ्याचे पट्टे शिवत बसला होता.

“मामा, पाहुणे नाहीत.”

“कुठं गेले?”

“आलेच नव्हते.”

मी लॅपटॉप त्याच्यापुढे धरला. त्याला ठिपके ओळखता येत नाहीत, तो चालीवरून ओळखतो. पण सहा सेकंदांचे तीन फोटो समजायला ठिपके कशाला लागतात? त्याने सुई पट्ट्यात खुपसून ठेवली.

“मग माझे कुठायत?”

मी लॅपटॉप मिटला.

“टाक्या कोरड्या आहेत वर. दोन उन्हाळे,” तो म्हणाला. “गरज नाही म्हणून आपणच लिहून दिलं ना?”

“मी लिहिलं.”

“मी म्हणालो, माझेच आहेत, म्हणून लिहिलंस.”

आतून मामीने विचारलं, “काय गं, कोण गेलं?”

“कुणी नाही,” मामा ओरडला. “मोजणी चुकली.”

“मग एवढी तोंडं पाडून काय बसलाय दोघं? परत मोजा की!”

मी मामाला सरांचा दहाचा आकडा सांगितला. वाटलं होतं, तो भडकेल. तो म्हणाला, “सरांचं ऐक.”

“काय?”

“ऐक त्यांचं. पट्टा वाचतोय ना? मेलेल्यांपायी जित्यांची वाट नको बंद करूस.”

“मेले असं कोण म्हणालं?”

त्याने कॅमेऱ्याचा पट्टा उचलला, सुई शोधली; ती समोरच होती, त्याला दिसेना.

“मामा, मी दहा लिहिले, तर त्यातले तीन तुझेच. कागदावर ते खाली पाणवठ्यावर मजेत पाणी पीत बसतील. मग वर कोण जाईल? कशाला जाईल?”

त्याने पट्टा गुंडाळून बाजूला ठेवला. मग म्हणाला, “चहा घेऊन जा.” एवढंच. हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. याच शुद्धिपत्राच्या आधीच्या खर्ड्यात मी ‘मामाच्या संमतीने’ असं लिहिलं होतं. ते चूक आहे. निर्णय माझा एकटीचा.

सुनावणी. इतिवृत्तात फक्त ‘चर्चा झाली’ आहे. त्याऐवजी हे वाचावे.

शाळेच्या वर्गासारखी खोली, लांब टेबल, पाच सदस्य, मधल्या खुर्चीत अध्यक्षबाई. माइक चालत नव्हता. पंखा चालत होता, त्यामुळे सगळ्यांनी आपापले कागद पाण्याच्या बाटल्यांखाली दाबून ठेवले होते. रस्त्याचे अभियंते आमच्या मागच्याच बाकावर होते, आणि त्यांच्यातल्या एकाने मला खोकल्याची गोळी दिली, हेही नोंदवते.

सकाळीच मी सरांना सांगितलं होतं की मी सात म्हणणार. ते फाइल काखेत मारून जिना उतरले होते.

अध्यक्षबाईंनी विचारलं, “अहवालातला आकडा कायम आहे?”

सर उभे राहिले. त्यांना दहा म्हणता आलं असतं. एक शब्द. ते माझ्याकडे वळून म्हणाले, “मोजणी हिने केलीय. हिलाच विचारा.” हे त्यांनी भिऊन केलं की मोठ्या मनाने, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

“सात,” मी म्हणाले.

“जरा मोठ्याने.”

“सात! अकरा चुकीचे आहेत.”

“म्हणजे बाई, तुम्ही एकच बिबट्या दोनदा मोजलात?” एका सदस्याने विचारलं.

“हो. एकदा इकडून, एकदा तिकडून.”

खोलीत हशा पिकला. सदस्य हसले, अभियंते हसले, दारातला शिपाईसुद्धा हसला. अध्यक्षबाई हसल्या नाहीत.

“आणि वरचे चार? ते खाली आले, असं तुम्हीच म्हटलं होतं.”

“ते आले नाहीत. वर आहेत की नाहीत, आम्हाला माहीत नाही. दोन उन्हाळे तिथं कुणी गेलेलं नाही, कारण जायची गरज नाही असं मी लिहून दिलं होतं.”

बाई कारकुनाला म्हणाल्या, “हे लिहा. त्यांच्याच शब्दांत लिहा.” त्याने लिहिलं नाही.

वीस मिनिटांत निकाल. रस्ता पट्ट्यातूनच, प्राण्यांसाठी खालून दोन भुयारं. वरच्या जंगलाची पाहणी चाळीस दिवस, आमच्या संस्थेने स्वतःच्या साधनांनी करावी. टाक्या पाहणीच्या काळापुरत्या भराव्यात. बाहेर पायऱ्यांवर खोकल्याच्या गोळीवाला अभियंता म्हणाला, “ताई, भुयारं चांगली मोठी करतो आम्ही.” तो चेष्टा करत नव्हता.

सर आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. आठव्या दिवशी बॅटऱ्यांचं खोकं माझ्या टेबलावर ठेवलं. “वर घेऊन जा. खालचे कॅमेरे आता काढावेच लागतील.” मग दारातून परत आले. “दोन-दोन लाव. समोरासमोर. ठिकाणं कमी झाली तरी चालतील.”

वर. (याला पान नाही.)

जळलेली खोडं अजून उभी आहेत, पण खाली काळं काही दिसत नाही. तिथं छातीएवढं रान माजलंय, एकाच जातीचं काटेरी झुडूप, खालच्या गोदामांच्या कुंपणांवर असतं तेच. मामाला स्वतःची वाट सापडेना. एकोणीस वर्षांची वाट. तो कोयत्याने झुडूप तोडायचा, चार पावलं चालायचा आणि थांबून म्हणायचा, “इथं एक मोठं झाड होतं.” तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा मी म्हटलं, “मामा, जंगल होतं, झाडं असणारच.” तो हसला नाही, मला वाटलं होतं हसेल.

ओढ्यात दगड. दुपारी हात लावला तर चटका बसत होता. पहिल्या टाकीला तळाशी तडा. दुसरी धड होती, तिच्यात पाचोळा आणि एका खारीचा सांगाडा. मामाने तो हाताने उचलून बाहेर ठेवला आणि पाठीवरचा कॅन तिच्यात रिकामा केला. वीस लिटर पाणी. तळ जेमतेम ओला झाला; टँकर दोन दिवसांनी यायचा होता.

चौदा कॅमेरे, सात ठिकाणं. कॅमेरे बांधले की समोरून जाऊन बघावं लागतं, फोटो नीट निघतोय का. माणूस उभ्याने गेला तर नुसते पाय येतात. म्हणून मामा गुडघ्यांवर आणि हातांवर आला आणि दोन कॅमेऱ्यांच्या मधून रांगत गेला. साठीचा माणूस. मध्येच थांबला, मान वळवून म्हणाला, “पाय ओढत चालू का? म्हाताऱ्यासारखा?”

“नको.”

“बरं.” तो पुढे गेला.

चाळीस दिवस झाले. कार्डं आली. सर आतल्या खोलीत असतात, दार उघडं ठेवतात, येत नाहीत. मामा सकाळीच येतो, बूट बाहेर काढतो आणि माझ्या खुर्चीमागे बसतो. मी एकेक दिवस उघडते. एकतीस दिवस बघून झालेत.

“काय दिसलं?”

“गवत.”

“गवत सोडून.”

“ससा.”

“ससा काय वाईट आहे का? अजून?”

“थांब जरा. साळिंदर. दोन.”

“पाणी प्यायला आलेत?”

“हो, टाकीवर.”

“मग पाणी आहे अजून तिच्यात.” तो खुर्ची पुढे ओढतो, तिचे पाय फरशीवर करकरतात, आणि आतल्या खोलीत सरांचा पंखा बंद होतो, ऐकता यावं म्हणून. “बत्तिसावा लाव.”

मी लावते.